हिवाळ्यातला संघ

जगात बेसबॉलचे चाहते कितीही असोत, पण खेळ बंद झाला की ज्याच्या अंगात वारं भरतं आणि खेळ सुरू झाला की ज्याचा चेहरा पडतो, असा चाहता मी आजवर एकच पाहिला आहे. ते म्हणजे आमचे खालचे काका. आइंडहोवनला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि ते बरोबर आमच्या खाली राहायचे, म्हणून खालचे. चिप तयार करायची यंत्रं जिथे बनतात अशा एका कंपनीत त्यांची उभी हयात गेली होती आणि माझी त्यांची ओळख झाली तेव्हा ते निवृत्तीला आले होते. एप्रिल ते सप्टेंबर, म्हणजे जेव्हा या देशात ऊन पडतं, पोरं मैदानात उतरतात आणि चेंडू प्रत्यक्ष हवेत उडतो, त्या काळात काका नुसते दिवस ढकलायचे. मग शेवटचा सामना संपायचा, मैदानाचा चिखल व्हायचा, दुपारच्या चहालाच दिवे लावायची वेळ यायची आणि काकांना तरतरी यायची. कुणाला ठेवायचं, कुणाला जाऊ द्यायचं, बाहेरून कुणाला आणायचं, तिसऱ्या बेसवर कोण उभा राहणार, असल्या प्रश्नांनी त्यांना भूक लागायची, शांत झोप लागायची आणि काकूंच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचं ब्लडप्रेशरसुद्धा ताळ्यावर यायचं. "सामने काय, कोणीही बघतो," ते म्हणायचे. "संघ बनतो तो हिवाळ्यात. उन्हाळ्यात नुसता निकाल लागतो."

हा नाद त्यांना लागला तोच मुळी चुकून. तरुणपणी काका पुण्यात क्रिकेट खेळायचे. 'खेळायचे' हा त्यांचा शब्द; काकू म्हणतात, डबा घेऊन जायचे. इथे आल्यावर पहिल्याच नोव्हेंबरात त्यांनी ऑफिसातल्या एका डच सहकाऱ्याला विचारलं, की बॅट आणि बॉलने खेळतात असा एखादा क्लब जवळपास आहे का. त्याने कालव्याच्या कडेच्या एका क्लबचा पत्ता दिला. प्रश्न बरोबर होता, उत्तरही बरोबर होतं. शनिवारी सायकल मारत काका तिथे पोचले तर धुकं इतकं, की समोर मैदान आहे की तळं आहे हे कळू नये. क्लबच्या कँटीनमध्ये पुढच्या मोसमाचा संघ ठरवायला मंडळी जमली होती. डच माणूस दारात आलेल्याच्या हातात आधी कॉफी देतो आणि मग विचारपूस करतो. त्या दिवशी विचारपूस राहून गेली. काका तासभर कोपऱ्यात बसले. भाषा कळत नव्हती, पण वादावादी चांगली कळत होती. शेवटी कुणीतरी सौजन्य म्हणून इंग्रजीत विचारलं, "तुमचं काय मत?" मत विचारल्यावर गप्प बसणं काकांच्या रक्तात नव्हतं. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आधी मागे बसणारा माणूस ठरवा. बाकीचे सगळे त्याच्याकडे बघत असतात. तो एकटा सगळ्यांचे चेहरे बघत असतो. तो नीट असला की बाकीचे आपोआप नीट होतात." काकांच्या डोळ्यांपुढे विकेटकीपर होता. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कॅचर होता, आणि बेसबॉलमध्ये तोही फलंदाजाच्या मागेच उकिडवा बसतो. क्लबचे अध्यक्ष, खेरित नावाचे उंचेपुरे गृहस्थ, टेबलावर मूठ आपटून म्हणाले की हेच मी कधीपासून सांगतोय. काका त्याच बैठकीत निवड समितीवर गेले.

एप्रिलमध्ये पहिला सामना बघायला काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गेले. संघ मैदानात उतरला तो सगळ्यांच्या सगळ्यांनी एका हातात कीपरसारखा मोजा घालून. "मला वाटलं, माझं म्हणणं यांनी जरा जास्तच मनावर घेतलं," काका सांगायचे. हे क्रिकेट नव्हे हे कळायला त्यांना फार वेळ लागला नाही, पण आता माघार घेणार कशी? सगळा हिवाळा एकेका माणसासाठी भांडून त्यांनी तो संघ उभा केला होता. तो संघ त्या दिवशी दणकून हरला. काका बाहेर आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हिवाळ्यात हा संघ फार चांगला होता." हे वाक्य त्या क्लबात अजून म्हणतात, आणि सामना चालू असताना मैदानाकडे पाठ करून कँटीनमध्ये बसायची काकांची पद्धतही तेव्हापासूनचीच.

काकांची संघबांधणी व्हायची ती घरच्या डायनिंग टेबलावर आणि भाज्यांच्या साहाय्याने. बटाटा म्हणजे चेंडू टाकणारा पिचर, लसणाचा गड्डा कॅचर, मैदानाच्या कोपऱ्यांतल्या तीन बेसना तीन कांदे, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या शॉर्टस्टॉपला चौथा आणि दूर मैदान राखायला गाजरं. कुणी क्लब सोडून जाणार अशी बातमी आली की काका त्या भाजीकडे टक लावून बसायचे आणि काकू विळी घेऊन उभ्या राहायच्या. "अहो, तुमचा शॉर्टस्टॉप द्या इकडे, पिठलं अडलंय." मी एकदा पोळ्यांचं पीठ मागायला गेले तर काका अत्यंत व्यथित होऊन म्हणाले, "आमचा सेकंड बेस गेला." मी घाबरून विचारलं, कधी? काकू आतून म्हणाल्या, "आत्ताच. फोडणीत."

माणसं पारखायची त्यांची रीत तर पेटंट घेण्यासारखी होती. इथे कॉफीबरोबर बिस्किटांचा डबा फिरतो, प्रत्येकाने एक घ्यायचं आणि झाकण बंद होतं, हे सगळ्यांना ठाऊक. क्लबात नवा खेळाडू भेटायला आला की काका त्याच्या आणि शेजारच्याच्या मध्ये डबा उघडा ठेवायचे, आणि डब्यात बिस्कीट एकच. जो उमेदवार ते सरळ उचलून खाईल तो फटकेबाज. ठेवावा, पण त्याच्या भरवशावर झोपू नये. जो मोडून अर्धं शेजारच्याला देईल तो संघाचा माणूस, त्याला डोळे मिटून घ्यावा. आणि जो बिस्कीट नको म्हणून नुसता डब्याकडे बघत बसेल तो वर्षभर दुखापती लपवेल. अमेरिकेहून एका मोसमासाठी मोठा फटकेबाज आणावा अशी टूम दर हिवाळ्यात निघायची आणि दर हिवाळ्यात काका तिला आडवे यायचे. "एक माणूस चेंडू कुंपणाबाहेर मारणार आणि आठ जण टाळ्या वाजवणार, याला संघ म्हणत नाहीत, याला प्रेक्षक म्हणतात." त्यांचा लाडका खेळाडू म्हणजे स्वतः बाद होऊन बेसवरच्या साथीदाराला एक बेस पुढे सरकवणारा. त्याचं वर्णन करताना त्यांचा आवाज जड व्हायचा.

पण त्यांचं सगळ्यांत आवडतं मत वेगळंच होतं. क्लबातला एक जुना, सगळ्यांचा लाडका शॉर्टस्टॉप शिकायला एनस्खेडेला निघून गेला, तेव्हा समितीने त्याच्यासारखा दुसरा शोधायला सुरुवात केली. काकांनी विरोध केला. "गेलेल्या माणसाच्या जागी तसाच माणूस शोधायचा नाही," ते म्हणाले. "तसा मिळत नाही. आणि मिळालाच, तर त्या बिचाऱ्याचा जन्म आधीच्याशी तुलना होण्यात जातो. उरलेल्यांनी एकेक पाऊल सरकायचं. जागा भरते." मग ते सरकणं त्यांनी कांद्यांवर करून दाखवलं. हा सिद्धांत मी इतक्या वेळा ऐकला होता, की काकांनी तोंड उघडलं की पुढचं मी म्हणून टाकायचे.

मी काकांच्या हाताला लागले तीसुद्धा हिवाळ्यातच. नवऱ्याच्या नोकरीमागे मी इथे आले तेव्हा माझ्यामागे पुण्यातला चांगला चाललेला फिजिओथेरपीचा व्याप होता. इथे माझी पदवी नोंदवून घ्यायची तर आधी डच भाषेची परीक्षा, आणि डच शिकायचं तर कुणाशी तरी बोलायला हवं. मी सुपरमार्केटमध्ये घोकून ठेवलेलं वाक्य म्हणायचे आणि समोरची बाई हसून अस्खलित इंग्रजीत उत्तर द्यायची. तिचा हेतू चांगलाच असायचा. माझं डच मात्र तिथेच संपायचं. नवरा सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. दिवसभर मी खिडकीतून सायकली बघायचे. आपल्या हातांना दुखरा खांदा नुसत्या स्पर्शाने कळतो आणि हे हात आता दिवसभर कोथिंबीर निवडताहेत, या विचाराने मला रडू यायचं. शेवटी मी ठरवलं, की मार्चमध्ये परत जायचं, आपलं काम पुन्हा सुरू करायचं. नवऱ्याने इथे राहावं, मी तिथे. संसाराचं पुढे काय होईल ते बघू. तिकीट काढलं. नवऱ्याने तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली, आणि तेच मला जास्त लागलं.

मसाल्याचे डबे काकूंना द्यायला मी खाली गेले आणि सगळं सांगून टाकलं. काकूंचे डोळे भरून आले. काका टेबलाशी गाजरं मांडत होते, त्यांनी मानही वर केली नाही. मग म्हणाले, "कधी जाणार?"

"मार्चअखेर."

"म्हणजे मोसम सुरू व्हायच्या आधी." हे त्यांनी अशा नाराजीने म्हटलं, जसं काही एका संघाने हिवाळाभर मला पोसलं होतं. "हे बघ, मला तुझं काही सांगायचं नाही. पण तोवरचे शनिवार मला दे. क्लबात कँटीनला माणूस कमी आहे."

इथल्या क्लबांमध्ये पगारी नोकर जवळजवळ नसतातच. सभासद आळीपाळीने कँटीन सांभाळतात, भांडी धुतात, मैदान आखतात, आणि त्यात लहानमोठं कुणी बघत नाही. मला वाटलं, कॉफी द्यायची असेल. वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणवेना, म्हणून गेले. तिथे मला कढईसमोर उभं केलं. मी जन्माची शाकाहारी, आमच्या घरात अंड्याचा केकही बाल्कनीत खायचे, आणि माझ्यापुढे मांसाच्या सारणाचे क्रोकेट ढिगाने. मी काकांकडे बघितलं. "तुला खायचेत का?" काका म्हणाले. "तळायचेत. कापण्या तळल्या आहेस ना कधी?"

पहिल्या शनिवारी मी नाक मुरडून तळले, दुसऱ्या शनिवारी मला आच कळली, आणि तिसऱ्या शनिवारी गिऱ्हाइकं माझ्या हातच्या क्रोकेटची चौकशी करू लागली. या लोकांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता ही मात्र मोठीच अडचण होती. सुपरमार्केटमध्ये सगळे इंग्रजीत फाडफाड बोलतात आणि या क्लबात एकालाही "मस्टर्ड" कळू नये, याचं मला नवल वाटायचं. अध्यक्ष खेरित तर मोहरी म्हणजे काय हे सांगायला नाक चिमटीत धरून डोळ्यांतून पाणी काढून दाखवायचे. मला त्या सगळ्यांची दया आली. खेड्यातली साधी माणसं, शिकायला मिळालं नसेल, असं मी नवऱ्याला सांगितलं. झक मारत मी डच बोलू लागले: आधी मोहरी, मग सुट्टे, मग सासवांची संधिवाताची दुखणी. हिवाळ्यात क्लबातल्या बायका माझ्यासमोर काउंटरवर कोपर टेकून गुडघ्यांबद्दल तासन्‌तास बोलायच्या, आणि गुडघा म्हटलं की मला राहवायचं नाही. मी मोडक्यातोडक्या डचमध्ये सांगायचे, असा वाकवा, तसा नको.

मार्चमधला एक शनिवार मला नीट आठवतो, कारण पुढच्याच आठवड्यात माझं विमान होतं. खोली भरलेली, काउंटरपुढे रांग. क्लबचा मुख्य पिचर, साडेसहा फुटी गडी, ज्याच्यावर काकांचा तो सगळा हिवाळा उभा होता, रांग सोडून बाजूने आला आणि गरम क्रोकेटवर हात टाकला. माझा पारा चढला. काय झालं कळलं नाही, पण मी त्याला डचमध्ये धू धू धुतला. रांग दिसत नाही का, आई असंच शिकवते का, एवढी उंची देवाने वरून पुढचं बघायला दिली आहे, वरून ढापायला नाही! तो गडी लाल झाला. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की उजव्या हाताने चेंडू टाकणारा हा माणूस क्रोकेट मात्र डाव्या हाताने उचलत होता. मी त्याच सुरात, त्याच भाषेत विचारलं, "आणि खांद्याला काय झालंय?"

तो एकदम लहान झाला. खांदा केव्हाचा दुखत होता. मोसमाच्या तोंडावर सांगितलं तर संघातून जाऊ, म्हणून गप्प बसला होता. मी त्याला हात वर करायला सांगितला, कुठवर जातो ते पाहिलं, आणि आधी डॉक्टरकडे जा, तोवर चेंडूला हात लावायचा नाही, असं बजावलं. काकांचा उभा हिवाळा तिथल्या तिथे आडवा झाला. मला वाटलं, आता हे चिडणार. काका आपल्या कोपऱ्यातून सावकाश उठले, काउंटरपाशी आले आणि भरल्या कँटीनमध्ये चक्क मराठीत म्हणाले, "ज्या भाषेत तू माणसाला एवढं झापलंस, ती तुला आली. आता ते तिकीट रद्द कर. मागे बसणारा माणूस मी जाऊ देत नसतो."

मी एप्रन डोळ्यांना लावला. घरी येऊन मी नवऱ्याला नुसतं "नाही जात" म्हटलं. त्याने उठून चहा टाकला, आणि साखर दोनदा घातली.

पिचर डॉक्टरकडे गेला, त्यांच्या सल्ल्याने व्यायाम सुरू झाले, आणि ते तो नीट करतो की नाही हे मी कढईमागून बघायचे. पहिले सगळे सामने त्याच्यावाचून झाले आणि संघाने ते शिस्तीत गमावले. जूनमध्ये तो परत उभा राहिला. त्या दिवशी त्याची मावशी कॅनडाहून आली होती आणि कँटीनच्या दारात खेरित तिच्याशी गप्पा मारत होते. इंग्रजीत. माझ्यापेक्षा चांगल्या इंग्रजीत, मध्येच एक विनोदही करून. मी झारा हातात घेऊन बघतच राहिले. मग कळलं, की खेरित निवृत्त इंग्रजी शिक्षक होते. मग सगळंच कळलं. पहिल्या शनिवारच्या आधी काकांनी क्लबात फर्मान काढलं होतं: ही मुलगी येते आहे, तिच्याशी एक अक्षर इंग्रजी बोलायचं नाही, मेली तरी बोलायचं नाही. आणि अख्खा क्लब महिनोन्‌महिने ते पाळत आला होता. माझ्यासाठी एका म्हाताऱ्या मास्तरने मोहरीचं नाटक करत डोळ्यांतून पाणी काढलं होतं.

मी काकांना जाब विचारायला गेले. ते मैदानाकडे पाठ करून बसले होते. "तुम्ही मला फसवलंत," मी म्हटलं, आणि माझा आवाज काही रागाचा निघेना.

"फसवलं कसलं? संघाला शिस्त लागते," काका म्हणाले. "आणि तू काय हिरकणी आहेस असं समजू नकोस. काउंटरला माणूस खरंच कमी होता."

पुढे मी परीक्षा दिली, पदवी नोंदवली गेली, आणि आज मी इथल्याच एका दवाखान्यात खांदे, गुडघे आणि कंबरा बघते. लोक मला विचारतात, डच इतकं चांगलं कुठल्या क्लासमध्ये शिकलीस? मी म्हणते, कढईसमोर. हे उत्तर त्यांना विनोद वाटतं. काकांचे आभार मानायचा मी एकदा प्रयत्न केला, पण आभाराचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी मला डाव्या बाजूच्या मैदानासाठी गाजर बरं की मुळा हे विचारलं.

मागच्या उन्हाळ्यात काका-काकू पुण्याला परत गेले. काकूंना इथली थंडी सोसेना, आणि काका म्हणाले, "मी हिवाळ्यात जाणार नाही, उन्हाळ्यात जाईन, म्हणजे माझं काही नुकसान नाही." विमानतळावर ते सारखे खिसे चाचपत होते. क्लबाने त्यांना सगळ्यांच्या सह्या केलेला चेंडू दिला होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी बेसबॉलचा चेंडू इतका वेळ हातात धरलेला मी पाहिला.

नोव्हेंबरमध्ये नव्या मोसमाची बैठक झाली. बाहेर धुकं होतं. बिस्किटांचा डबा फिरला आणि झाकण बंद झालं. कोपऱ्यातली त्यांची खुर्ची तशीच होती. शेवटी खेरितनी घसा साफ करून विचारलं, की समितीवर त्यांच्या जागी कुणाला घ्यायचं? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून उभी राहिले आणि डचमध्ये म्हटलं, "गेलेल्या माणसाच्या जागी तसाच माणूस शोधायचा नाही. उरलेल्यांनी एकेक पाऊल सरकायचं." मग आम्ही खरोखरच उठलो आणि एकेक खुर्ची सरकून बसलो. कोपऱ्यात मी आले. तिथून सगळ्यांचे चेहरे दिसतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. कोण राहिलं, कोण गेलं, पिचरचा खांदा कसा आहे, सगळं विचारून झालं. मग म्हणाले, "आणि माझ्या जागी कुणाला घेतलंत?"

"कुणालाच नाही, काका. तुम्हीच सांगायचात ना, तसा शोधायचा नाही म्हणून. आम्ही सगळे एकेक खुर्ची सरकलो."

"वा. बरोबर केलंत. अगदी बरोबर केलंत." पलीकडून काकूंच्या फोडणीचा आवाज येत होता. मग काका हळूच म्हणाले, "तरी थोडं शोधून बघायचं होतं गं."

मी म्हटलं, "शोधलं, काका. सगळ्यांनी शोधलं. बैठक संपेपर्यंत प्रत्येक जण दाराकडे बघत होता."

"मग ठीक आहे," काका म्हणाले, आणि तिसऱ्या बेसवर कोण उभा राहणार ते विचारू लागले.